देवीलेणे

नाशिकला पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचे, याचा क्रम ठरलेला असतो. गोदेचा घाट, पंचवटी, काळाराम मंदिर, आणि हाती वेळ असला तर त्र्यंबकेश्वर. शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर, मुंबईच्या रस्त्यालगत, त्रिरश्मी डोंगराच्या कुशीत २४ लेणी आहेत. परंतु त्यांची पाळी बहुधा शेवटी येते. मुंबईहून येताना ती वाटेतच लागतात, आणि वाटेत लागणाऱ्या गोष्टी 'पुढच्या खेपेस पाहू' म्हणून राहून जातात. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. जुने कोरीव काम दिसले आणि त्याचा कर्ता ठाऊक नसला, की ते पांडवांच्या नावे मांडण्याची आपल्याकडे रीतच आहे. वस्तुतः ही लेणी बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी व उपासनेसाठी कोरली गेली, आणि ती कोणी कोरवली हे तेथील भिंतींवरच लिहून ठेवलेले आहे. राजे आहेत, अमात्य आहेत, उत्तरेकडून आलेला एक यवन आहे, आणि आपल्या कुटुंबासह एक लेणे देणारा मुगुदास नावाचा एक कोळीही आहे.

या लेण्यांपैकी तिसरे लेणे एका राणीचे आहे. तिचे नाव गौतमी बलश्री. सातवाहन घराण्यातील सर्वांत पराक्रमी राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची ती आई, आणि त्याच्यामागून गादीवर आलेल्या वासिष्ठीपुत्र पुळुमावीची ती आजी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ही गोष्ट. त्या काळी राणीला 'देवी' म्हणत; म्हणून तेथल्याच एका लेखात या लेण्याचा उल्लेख 'देवीलेणे' असा येतो. आज आपण त्याला क्रमांकाने ओळखतो; त्याचे खरे नाव मात्र दगडाने जपून ठेवले आहे.

राणीची वास्तू म्हटली की शिकल्यासवरल्या वाचकाला मिसर देशातील हातशेपसुत राणीचे मंदिर आठवते. नाईल नदीच्या पश्चिम तीरावर, लक्सॉर नगरासमोर, देर अल-बहारी येथे उंच कड्याच्या पायथ्याशी ते पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेले आहे. ख्रिस्तापूर्वी सुमारे १४७९ ते १४५८ या काळात ही स्त्री फारो म्हणून राज्य करून गेली. तिने पुंत देशाकडे पाठवलेल्या जहाजांची आणि तिकडून आणलेल्या सुगंधी धुपाच्या झाडांची चित्रे भिंतींवर कोरलेली आहेत. परंतु तिच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी, तिच्या सावत्र मुलाच्या कारकिर्दीत, तिच्या मूर्ती फोडण्यात आल्या आणि तिची नावे छिन्नीने खरवडून काढण्यात आली. पुढे कित्येक शतकांनी त्या ओसाड वास्तूत कॉप्टिक ख्रिस्ती संन्याशांनी आपला मठ वसवला. 'देर अल-बहारी' या अरबी नावाचा अर्थच 'उत्तरेकडचा मठ' असा आहे. राणी विस्मरणात गेली आणि संन्याशांमुळे जागेला नाव मिळाले. आमच्या नाशिकच्या राणीची गोष्ट याहून निराळी आहे. तिने प्रथमपासूनच आपली वास्तू संन्याशांच्या स्वाधीन केली, आणि तिचे नाव कोणीही खरवडले नाही.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी, सकाळच्या मिस्साबलीनंतर, धर्मग्रामातील काही कुटुंबांना घेऊन आम्ही हे लेणे पाहण्यास गेलो. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आणि बुद्धविहार आहे. सहली येतात त्या बहुधा तेथेच रमतात. आम्ही पायऱ्यांची वाट धरली. वयस्कर मंडळी मध्ये मध्ये टेकत होती, मुले पुढे पळत होती. लेणी उत्तराभिमुख असल्यामुळे तेथे सावली असते. वर पोहोचून मागे वळून पाहिले म्हणजे सारे नाशिक खाली पसरलेले दिसते. महामार्गावरील मालगाड्यांचा आवाज तेथपर्यंत येत राहतो. सातवाहनांच्या काळीही हा मुलूख रहदारीचाच होता. कोकणातील बंदरांकडून घाट चढून येणारा माल येथूनच पुढे देशावर जाई, आणि गोवर्धन नावाचे नगर तेव्हा या भागाचे ठाणे होते. भिक्षूंनी वस्तीसाठी डोंगर निवडला, पण तो रस्त्यापासून फार दूरचा नव्हे.

राणीच्या लेण्यापुढे उभे राहिले की प्रथम लक्ष जाते ते खाली, जमिनीलगत. तेथे सहा बलदंड पुरुष अर्धेअधिक जमिनीत रुतल्यासारखे कोरले आहेत, आणि जणू सारे लेणे त्यांनी आपल्या खांद्यांवर तोलून धरले आहे. त्यांच्या वर सहा अठपैलू खांबांची पडवी, आणि खांबांच्या माथ्यांवर हत्ती, बैल असे प्राणी बसवलेले. आत जाण्याचा दरवाजा सांचीच्या तोरणासारखा कोरलेला असून दोन्ही बाजूंना हाती फुले घेतलेले द्वारपाल उभे आहेत. आत मोठे दालन आहे. त्याच्या तिन्ही बाजूंना मिळून १८ खोल्या आहेत. मागच्या भिंतीवर, दोन खोल्यांच्या दारांमध्ये, एक स्तूप कोरलेला आहे. खोल्या लहान आहेत. एका माणसाने निजावे, बसावे, ध्यान करावे एवढ्याच. आमच्याबरोबरच्या एका मुलाने विचारले, "फादर, राणीचं लेणं ना हे? मग राणीची खोली कोणती?" आम्ही सांगितले की राणीसाठी येथे एकही खोली नाही. या साऱ्या खोल्या भिक्षूंसाठी आहेत; राणीची जागा भिंतीवर आहे.

ही जागा म्हणजे पडवीच्या मागच्या भिंतीवर कोरलेला ११ ओळींचा लेख. लिपी ब्राह्मी आणि भाषा प्राकृत. ब्राह्मी लिपी वाचण्याची किल्ली जेम्स प्रिन्सेप यांना १८३७ मध्ये सापडली. त्याआधी ही अक्षरे कितीएक शतके मुकी होती. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी, फ्रेंच विद्वान सेनार, आणि आपल्याकडे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांच्यासारख्यांनी या लेखांचा अर्थ लावला. त्यांच्या आधारे आम्ही मंडळींना तो समजावून सांगितला. सेमिनरीत असताना रोमच्या भुयारी दफनभूमींतील लॅटिन लेख आम्हांला शिकवले जात. त्यांतील बहुतेक दोन-तीन शब्दांचे असतात. नाव, वय आणि 'शांतीत विसावा'. येथे मात्र एक आई ११ ओळी भरून बोलते, आणि त्यांपैकी बहुतेक ओळी मुलाविषयी आहेत.

ती सांगते की तिचा मुलगा असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, विदर्भ, आकर आणि अवंती एवढ्या देशांचा राजा होता. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यालेले होते. त्याचे मुख पूर्णचंद्रासारखे होते. प्रजेच्या सुखदुःखाला तो आपले सुखदुःख मानी. धर्माला सोडून त्याने कर लावले नाहीत. अपराधी शत्रूचाही जीव घेण्याची त्याला आवड नव्हती. आणि या साऱ्या थोरवीच्या मध्येच ती आणखी एक गोष्ट नोंदवते: तो आईची सेवा कधी चुकला नाही. तीन समुद्रांइतकेच हेही तिला सांगण्याजोगे वाटले. स्वतःविषयी ती थोडक्यात बोलते. सत्य, दान, क्षमा आणि अहिंसा यांत रमणारी; तप, दम, नियम, उपवास यांत तत्पर असलेली; राजर्षीच्या पत्नीला शोभेल असे सारे काही पाळणारी; महाराजाची माता आणि महाराजाची आजी.

राजाचे नावही पाहण्यासारखे आहे. गौतमीपुत्र, म्हणजे गौतमीचा मुलगा. त्याच्या मुलाचे नाव वासिष्ठीपुत्र. हे राजे आईच्या नावाने ओळखले जात. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे, सरकारी कागदपत्रांत, वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लावण्याचा नियम झाला. तो निघाला तेव्हा अनेकांना हे काही नवेच वाटले. नाशिकच्या डोंगरावर ही गोष्ट अठराशे वर्षांहून अधिक काळ लिहिलेली आहे.

याच पडवीत त्याआधीचाही एक लेख आहे. तो गौतमीपुत्राच्या २४ व्या राज्यवर्षातील आज्ञापत्राचा आहे, आणि ती आज्ञा राजा व राजमाता या दोघांच्या नावे निघाली आहे. तेथे राजमातेला एक विशेषण लावले आहे: 'जीवसुता', म्हणजे जिचा मुलगा जिवंत आहे अशी. त्या काळी हे सौभाग्याचे विशेषण असावे, जसे आपण आजही लेकुरवाळी म्हणतो. पुढचा मोठा लेख नातवाच्या १९ व्या राज्यवर्षातला आहे. त्यात 'जीवसुता' हा शब्द नाही. मुलाच्या मृत्यूविषयीही एक अक्षर नाही.

आमच्याबरोबर आलेल्या एक बाई हे ऐकत खांबाशी उभ्या होत्या. त्यांचा २४ वर्षांचा मुलगा याच महामार्गावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याला तेव्हा दोन वर्षे होत आली होती. त्यांनी विचारले, "फादर, तिचा मुलगा कशाने गेला, ते लिहिलेलं नाही का?" आम्ही नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. आईला ते लिहवत नाही." मग त्या पुढे काही बोलल्या नाहीत. आम्हीही बोललो नाही. धर्मगुरूचे आयुष्य पुष्कळसे दफनविधींत जाते, आणि तेथे एवढे तरी शिकायला मिळते की काही वाक्यांना उत्तर द्यायचे नसते.

परंतु या लेखात आणखी एक विशेषण आहे, आणि ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. राणी आपल्या मुलाला 'खखरातवंसनिरवसेसकर' म्हणते. क्षहरातांचा वंश ज्याने शिल्लकसुद्धा ठेवला नाही असा. क्षहरात म्हणजे नहपान क्षत्रपाचे शक घराणे. गौतमीपुत्राच्या आधी नाशिकचा मुलूख त्याच्या हाती होता. तो जिंकून घेतल्याचा पुरावा लेण्याबाहेरही सापडला. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. नाणी नहपानाची; पण त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. शत्रूच्या चेहऱ्यावर आपली मुद्रा. मिसरमध्ये छिन्नीने केले ते येथे ठशाने केले, असे क्षणभर वाटते.

आता त्याच डोंगरात थोडे पुढे, १० व्या लेण्यापर्यंत चालत जावे. पुढचे खांब पाहिले की राणीच्या लेण्याचा नमुना कोठून घेतला असावा ते ध्यानात येते. हे लेणे नहपानाचा जावई उषवदात याचे. त्याच्या दानांची यादी तेथे आहे: गाई, गावे, नद्यांवर फुकट नावांची सोय, आणि भडोच, मंदसोर, गोवर्धन, आपल्या वसईशेजारचे सोपारे येथे प्रवाशांसाठी धर्मशाळा. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे रक्कम व्याजाने ठेवली होती. आणि तेथेच, एका खोलीच्या दारावर, लहानसा लेख आहे. ही ओवरी दक्षमित्रेचे दान. दक्षमित्रा ही उषवदाताची पत्नी आणि 'क्षहरात' क्षत्रप राजा नहपानाची मुलगी.

एका भिंतीवर आई अभिमानाने लिहिते की तिच्या मुलाने क्षहरातांचा निर्वंश केला. काही पावलांवर दुसऱ्या भिंतीवर त्याच क्षहरातांची लेक आपल्या बापाचे नाव लावून एक खोली दान करते. आम्ही दोन्ही ठिकाणी मंडळींना उभे करून हे दाखवले, आणि बराच वेळ कोणी बोलले नाही. बलश्रीला दक्षमित्रेचा लेख ठाऊक नव्हता असे कसे म्हणावे? भिक्षू तेच, डोंगर तोच, कारागिरांची परंपरा तीच. नाण्यांवर ठसा मारणाऱ्या घराण्याला तेवढी एक ओळ खरवडून टाकणे अवघड नव्हते. ती खरवडली गेली नाही. उषवदाताच्या ताब्यातले एक शेतही गौतमीपुत्राने आपल्या १८ व्या वर्षी याच डोंगरावरील भिक्षूंना दिले. राज्य बदलले, तरी भिक्षूंची वस्ती मोडली नाही आणि शत्रूच्या लेकीची ओवरीही राहिली.

हे औदार्य होते की धर्मदानाला हात न लावण्याचा त्या काळचा संकेत, यावर विद्वानांनी वाद घालावा. आम्हांला एवढेच म्हणायचे आहे की आईचा शोक पवित्र असला तरी तो नेहमी निर्मळ असतोच असे नाही. आपल्या मृताची थोरवी सांगताना आपण दुसऱ्याच्या मृतांवरून सहज चालत जातो. भाऊबंदकीच्या खटल्यात एकमेकांचे तोंड न पाहणारी दोन घरे प्रत्येक गावात असतात, आणि स्मशानभूमीत त्यांच्या कबरी शेजारी शेजारी असतात. त्रिरश्मीवर असेच झाले आहे. तेथील दगडाने दोघींनाही बोलू दिले आणि दोघींच्या खोल्यांत भिक्षू राहिले. आत निजणाऱ्या भिक्षूला खोली कोणाच्या घराण्याची, याने काय फरक पडत होता?

त्या २४ व्या वर्षाच्या आज्ञापत्राकडे पुन्हा येऊ. राजमाता आणि तिचा मुलगा गोवर्धनच्या श्यामक नावाच्या अमात्याला कळवतात की आम्ही त्रिरश्मीवरील आमच्या लेण्यात राहणाऱ्या तपस्व्यांना पूर्वी कखडी गावात एक शेत दिले होते. ते शेत कोणी कसत नाही, आणि ते गावही वसलेले नाही. तेव्हा नगराच्या सीमेवर आमच्या मालकीचे जे राजशेत आहे त्यातून १०० निवर्तने जमीन त्यांना दे. त्या जमिनीत सैनिकांनी शिरू नये, मिठासाठी कोणी खणू नये, अधिकाऱ्यांनी हात घालू नये. हा लेख तयार करण्याच्या कामी राजवाड्याची द्वाररक्षिका लोटा हिचे नाव आहे. राणीबरोबर तिच्या दारावरील बाईचेही नाव टिकले, याचा आमच्याबरोबरच्या महिलांना विशेष आनंद झाला.

हा लेख वाचताना आमचे मन थांबते ते 'कोणी कसत नाही' या ठिकाणी. दान झाले होते. पुण्य पदरी पडले होते. नोंदही झालेली असणार. तरीही आई आणि मुलगा चौकशी करतात की दिलेले उपयोगी पडते आहे काय, आणि नाही असे कळल्यावर दुसरे देतात. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या कारभारात ओसाड गावातील एका शेताची आठवण कोणी ठेवावी? आणि ती ठेवली हे दगडावर कोरण्यात कमीपणाही मानला नाही. आमच्या चर्चमधील किती दाने आज 'कोणी कसत नाही' या स्थितीत आहेत, याचा विचार आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. नावाची पाटी असलेले बाक, कुलूप लावलेले वाचनालय, वर्षातून एकदा उघडणारे सभागृह. देणाऱ्यांची भावना खरी होती. पण दान दिल्यावर पुन्हा वळून पाहण्याची जी रीत या राजमातेने दाखवली, ती आपण सोडून दिली आहे.

या डोंगरावर स्त्रियांनी दिलेली आणखीही दाने आहेत. १८ वे लेणे म्हणजे चैत्यगृह. त्याचे काम पुरे करणारी भट्टपालिका एका राजअमात्याची मुलगी होती. त्याच चैत्याच्या दर्शनी भागावर धंबिक गावाने दिलेल्या दानाचा लेख असून त्यात नाशिककरांचे नाव येते. पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळी विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने गोवर्धनच्या कारागिरांच्या श्रेणींकडे रकमा ठेवल्या. कशासाठी? चारी दिशांनी येथे येणाऱ्या भिक्षूंपैकी जे आजारी असतील त्यांच्या औषधपाण्यासाठी. याच सातवाहनांची आणखी एक राणी, नागनिका, जुन्नरजवळ नाणेघाटात भेटते. पतीच्या मृत्यूनंतर मुलांच्या वतीने तिने राज्य सांभाळले आणि आपल्या यज्ञयागांचा मोठा लेख तेथील गुहेत कोरवला. तिच्या कुटुंबाच्या मूर्तीही तेथे होत्या. आज त्यांच्यापैकी फक्त पावले आणि वरची नावे उरली आहेत. राजघराण्याच्या मूर्ती गेल्या. वाटसरूंच्या विसाव्याची ती गुहा मात्र अजून आहे, आणि पावसाळ्यात ट्रेकिंगला जाणारी मुले तिच्यात आजही थांबतात.

आपल्या ख्रिस्ती परंपरेतही एक राजमाता आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनची आई संत हेलेना हिने उतारवयात पवित्र भूमीची यात्रा केली, आणि बेथलेहेम व जैतून डोंगर येथील चर्चशी तिचे नाव जोडले गेले. बलश्री आणि हेलेना यांच्यात दीड-दोनशे वर्षांचे अंतर, आणि देश, धर्म सारेच वेगळे. तरी उतारवयातील आईला एकाएकी दगडाचे काम का करावेसे वाटते, हे दोघींकडे पाहून समजते. आपल्यानंतरही कोणाला तरी आसरा मिळावा, एवढेच तिला हवे असते.

बलश्रीच्या लेखात या लेण्याला एक सुंदर शब्द वापरला आहे: 'धर्मसेतु', म्हणजे धर्माचा पूल. नातवाने त्यासाठी पिशाचीपद्रक नावाचे गाव दिले, आणि त्या दानाचे पुण्य आपल्या दिवंगत पित्याला अर्पण केले. आजीने लेणे दिले, नातवाने गाव दिले, आणि पूल उभा राहिला तो दोघांच्या मधून निघून गेलेल्या माणसासाठी. आम्ही नोव्हेंबर महिन्यात वेदीजवळ मृतांच्या नावांची यादी ठेवतो, घराघरांतून मिस्साचे हेतू येतात. तेव्हा आम्हांला हा शब्द आठवतो. मृतांसाठी काही करावे ही ओढ ख्रिस्ती माणसाला सांगावी लागत नाही. प्रश्न फक्त एवढाच असतो की आपण बांधतो तो पूल आहे की भिंत. पुलावरून कोणीतरी चालावे लागते.

ज्या बाईंविषयी वर लिहिले, त्यांच्या घरी त्यानंतर काही आठवड्यांनी जाण्याचा योग आला. मुलाची खोली त्यांनी दोन वर्षे बंद ठेवली होती, हे आम्हांला ठाऊक होते. त्या दिवशी दार उघडे होते. सुरगाण्याकडची दोन मुले कॉलेजसाठी नाशिकला आली होती आणि त्यांना कोठे जागा मिळत नव्हती. ती आता तेथे राहत होती. मुलाचा फोटो भिंतीवर होता, खाली पुस्तकांचा पसारा होता. बाई आम्हांला चहा देताना म्हणाल्या, "दिवा फार वेळ जाळतात ही पोरं, फादर." तक्रारीचा सूर होता, पण चेहरा तसा नव्हता. चर्चमध्ये मुलाच्या नावाचा संगमरवर बसवण्याची त्यांची इच्छा अजूनही आहे, आणि ती आम्ही पुरी करणार आहोत. नाव कोरण्यात गैर काही नाही. बलश्रीनेही ते कोरलेच. फक्त तिने नावाच्या पाठीमागे १८ खोल्या उघड्या ठेवल्या.

लेण्यांतल्या खोल्यांना त्या लेखांत 'ओवरक' म्हटले आहे. आपल्या मराठीतील ओवरी हा त्याच घराण्यातला शब्द. भाषेने तो सांभाळला, कारण लोक ओवऱ्यांत राहत आले. जे वापरात राहते त्याचे नाव राहते. वाचकहो, पुढच्या खेपेस नाशिकला आलात तर त्रिरश्मीच्या पायऱ्या अवश्य चढा. तिसऱ्या लेण्याच्या पडवीत उभे राहून त्या ११ ओळी पाहा. वाचता आल्या नाहीत तरी चालेल. मग आत जाऊन एखाद्या लहानशा खोलीच्या उंबरठ्याशी क्षणभर थांबा. पावसाळ्यातल्या रात्री तेथे एखादा थकलेला भिक्षू निजला असेल, आणि त्याला बहुधा राणीचे नावही ठाऊक नसेल. मुलाच्या मागे राहिलेल्या त्या वृद्ध आईने डोंगराला केलेले मागणे त्या निजलेल्या माणसापाशी पुरे झाले होते.